लहान मोटार आणि तिचा अभिप्रेत वाचक

२०२५ सालची घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. त्याच दिवसापासून लहान मोटारींवरचा वस्तू आणि सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे आम्ही बाजूला काढून ठेवली आहेत. त्यांतल्या पानभर जाहिरातींत लहान मोटारी आहेत, कुटुंबे आहेत, किमतीतली घट ठळक अंकांत छापलेली आहे. आणि पाने उलटत गेले की आमच्याच जिल्ह्यातल्या परंडा आणि भूम तालुक्यांतला पूर आहे, पाण्यातून माणसे बाहेर काढणारी पथके आहेत, आडवे झालेले सोयाबीन आहे. वर्तमानपत्राने हे मुद्दाम केले असे म्हणण्याचे कारण नाही. जाहिरातीची जागा आधी ठरलेली असते आणि पूर ठरवून येत नाही. तरीही तो अंक समोर ठेवून आम्ही दोघे प्राध्यापक-कक्षात बराच वेळ बसलो आणि इतकी वर्षे वर्गात सहज विचारलेला एक प्रश्न त्या दिवशी अवघड वाटू लागला : ही जाहिरात नेमकी कोणाशी बोलते आहे?

‘आम्ही दोघे’ म्हणजे कोण, हे सांगायला हवे. कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आम्ही २००१ साली एकाच वर्गातून मराठी घेऊन एम.ए. झालो. धाराशिव जिल्ह्यातल्या एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात शिकवतो. आमच्यातली एक २००४ पासून अनुदानित जागेवर कायम आहे. दुसरा त्याच फळ्यासमोर, तोच अभ्यासक्रम, तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. पदवीच्या ‘उपयोजित मराठी’ या अभ्यासपत्रिकेत जाहिरातलेखनाचा घटक असतो. तो शिकवण्यासाठी आम्ही पूर्वीपासून कात्रणे जमवत आलो. साबण, बियाणे, सिमेंट, शिकवण्या यांच्या जाहिराती त्यात आहेतच. पण कात्रणांचा सर्वांत जाड गठ्ठा लहान मोटारींचा आहे. का, ते आम्हांला पुष्कळ उशिरा कळले.

वोल्फगांग इझर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ‘अभिप्रेत वाचका’ची कल्पना आपल्या परिचयाची आहे. प्रत्येक संहितेच्या पोटात तिने गृहीत धरलेला एक वाचक असतो आणि प्रत्यक्ष वाचक त्या जागेत बसतो किंवा बसत नाही. कादंबरीच्या बाबतीत हे विद्यार्थ्यांना समजावून देताना आमची दमछाक होते. मोटारीची जाहिरात समोर ठेवली की काम सोपे होते. इंग्रजीतून किंवा हिंदीतून मराठीत आलेल्या मजकुरात भाषांतरकाराला पहिल्याच ओळीत एक निर्णय घ्यावा लागतो : ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’? इंग्रजीला ही अडचण नाही. मराठीत मात्र सर्वनाम निवडले की ग्राहकाचे वय, पत आणि विक्रेत्यापासूनचे अंतर ठरून जाते. आमच्या कात्रणांत महाविद्यालयीन तरुणाशी बोलणारी गाडी ‘तू’ म्हणते, कुटुंबप्रमुखाशी बोलणारी ‘तुम्ही’ म्हणते आणि जरा महाग झाली की ती ‘आपल्या’ सेवेत हजर होते. गाडीची लांबी दोनचार इंचांनी वाढते. सर्वनाम मात्र एक अख्खा जिना चढून जाते.

सुरुवातीला असे नव्हते. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते एका ग्राहकाला दिली गेली, तेव्हा आणि त्यानंतर बरीच वर्षे त्या गाडीला वाचक शोधावा लागला नाही. लोक पैसे भरून रांगेत थांबत होते. आमच्या लहानपणी गावात चारचाकी म्हणजे साखर कारखान्याची जीप किंवा डॉक्टरांची फियाट. मारुती आली ती प्रथम डॉक्टरांच्याच दारात. ती कोणासाठी आहे, हे तिने सांगायची गरज नव्हती; ज्याला परवडेल त्याच्यासाठी ती होती.

१९९८ या एका वर्षात चित्र पालटले. ह्युंदाईची सँट्रो, देवूची मॅटिझ आणि वर्षाच्या अगदी शेवटी टाटांची इंडिका अशा तीन लहान मोटारी आल्या आणि प्रत्येकीला स्वतःचा वाचक घडवणे भाग पडले. सँट्रोने शाहरुख खानला पुढे केले. कोरियातून आलेली, आपल्याकडे कोणालाच ठाऊक नसलेली कंपनी अशा चेहऱ्यामागून बोलली की परकेपणा निम्मा ओसरतो. इंडिकाने जागा आणि डिझेल यांची भाषा केली, आणि ती आमच्या जिल्ह्याला नेमकी समजली. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर या देवदर्शनाच्या फेऱ्यांवर भाड्याने धावणाऱ्या इंडिका आम्ही वर्षानुवर्षे पाहिल्या. मागच्या सीटवर चौघे, त्यांच्या मांडीवर दोन मुले आणि डिकीत शिध्याची पिशवी. कंपनीने कुटुंबाला उद्देशून लिहिलेली संहिता आमच्याकडच्या चालकाने धंद्यासाठी वाचली. प्रत्यक्ष वाचक अभिप्रेत वाचकाला असा चकवतो, हे सांगायला आम्हांला याहून चांगले उदाहरण अजून सापडलेले नाही.

पुढच्या दशकात वाचक घडवण्याचे हे काम इतके बारीक झाले की वस्तू मागे पडली. मारुतीचे ९९८ घनसेंटिमीटरचे ‘के-१०’ इंजिन २००८ मध्ये ए-स्टारमध्ये आले, २००९ मध्ये एस्टिलोत, २०१० मध्ये वॅगन-आरमध्ये आणि त्याच वर्षी अल्टोमध्ये. एकच हृदय चार देहांत. त्या चौघींची कात्रणे शेजारी शेजारी मांडली तर मात्र चार निराळी माणसे दिसतात : नुकताच नोकरीला लागलेला तरुण, शहरी उत्साही जोडपे, हिशेबी आणि स्वतःला हुशार समजणारा मध्यमवर्गीय, आणि पहिल्यांदाच चारचाकी घेणारा. रोलाँ बार्थ यांनी १९५० च्या दशकात सित्रोएनच्या नव्या मोटारीवर लिहिताना मोटारीची तुलना मध्ययुगीन गॉथिक चर्चशी केली होती. अनाम कलावंतांनी घडवलेली आणि अख्ख्या समाजाने प्रतिमा म्हणून उपभोगलेली वस्तू असे त्यांना म्हणायचे होते. आमच्याकडची लहान मोटार चर्चपेक्षा शिवलेल्या सदऱ्याला जवळची आहे. कापड एकच, माप ज्याचे त्याचे.

हे माप घेणारे लोक आमच्या दारापर्यंत आले, ती गोष्ट आता सांगायला हवी.

२००४ च्या सुमारास मारुतीने दुचाकीस्वारांना उद्देशून ८०० या गाडीसाठी महिना २,५९९ रुपये हप्त्याची योजना काढली होती. शिक्षकांसाठी ‘टीचर प्लस’ नावाची कर्जयोजना स्टेट बँकेसोबत आली. सरकारी नोकरांसाठी वेगळ्या सवलती होत्या. २००८ च्या मंदीत शहरांतली मागणी रोडावल्यावर कंपनी खेड्यांकडे वळली आणि सरपंच, शिक्षक, डॉक्टर अशा गावातल्या वजनदार माणसांपर्यंत पोचण्यासाठी त्या त्या भागातलीच तरुण मुले विक्रीसाठी नेमली गेली. तामिळनाडूतले हळद-उत्पादक, होसूरचे ग्रॅनाइटला चकाकी देणारे, जयपूरचे निळ्या भांड्यांचे कारागीर अशी ग्राहकांची नवनवी कुळे शोधली गेली. ज्या खेड्यांतून कंपनीची विक्री नगण्य होती, तिथून काही वर्षांतच एकूण विक्रीचा जवळजवळ चौथा हिस्सा येऊ लागला. समाजशास्त्रज्ञांनी हेवा करावा इतके हे वर्गीकरण सूक्ष्म होते.

त्या सुमारास, सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीची चर्चा प्राध्यापक-कक्षात रोज होत असताना, एका विक्रीकेंद्राचा तरुण प्रतिनिधी आमच्याकडे आला. कंपनी कोणती, हे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की तो आमचाच विद्यार्थी होता, बी.ए.ला मराठी घेतलेला. आल्याबरोबर त्याने वाकून नमस्कार केला, पत्रके काढली आणि टेबलाच्या एका टोकापासून वाटायला सुरुवात केली. आमच्यातल्या एकीच्या हातात पत्रक देत तो म्हणाला, “मॅडम, एकदा साहेबांना घेऊन शोरूमला या. रंग, मॉडेल सगळं त्यांना निवांत बघू द्या.” आमच्यातल्या दुसऱ्यापाशी आल्यावर त्याचा हात थांबला. पत्रक त्याने पुन्हा गठ्ठ्यात सरकवले आणि अत्यंत आदराने म्हणाला, “सर, तुमची ऑर्डर निघू द्या. मी स्वतः पेढे घेऊन येतो.”

तो उद्धट नव्हता. त्याच्यापाशी यादी होती. कोण कायम, कोण तासिकेवर, कोणाची पगारपावती बँकेत चालते, हे त्याने आधी विचारून घेतले होते. जाहिरातलेखन शिकवताना ‘ग्राहक कोण ते आधी निश्चित करा’ हे वाक्य आम्हीच त्याला उतरवून दिले होते. त्याने ते आमच्यावर चालवून दाखवले. दोघांचेही वाचन त्याने एका मिनिटात केले आणि दोन्ही वाचने अपुरी होती. जिच्या पगारातून हप्ता जाणार होता तिला रंग निवडण्याचा अधिकार नाही, असे त्याने गृहीत धरले. आणि ज्याच्याकडून तो मराठी शिकला त्याला तो ग्राहक म्हणून मोजू शकला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही यावर हसलो. पण हसताना एक गोष्ट दोघांनीही टाळली, ती आज लिहितो. त्या मुलाने जी रेघ ओढली ती त्याने शोधून काढलेली नव्हती. ती आमच्या कक्षात आधीपासून होती : हजेरीपटाच्या दोन वेगळ्या वह्यांत, पतसंस्थेच्या सभासदत्वात, उन्हाळ्याच्या सुट्टीत एकाचा पगार चालू आणि दुसऱ्याचा बंद असण्यात. आम्ही दोघे मित्र असल्यामुळे ती आम्हांला दिसत नव्हती, किंवा दिसत असून बोलायची नव्हती. बाजाराला असा संकोच नसतो.

आमच्यातल्या एकीने २०१० साली अल्टो घेतली. रंग तिनेच निवडला. दुसऱ्याच्या मनात त्याच सुमारास नॅनो होती.

नॅनोची हकिकत ठाऊक नाही असा माणूस विरळा. पावसात एकाच स्कूटरवरून जाणारे कुटुंब पाहून रतन टाटांना ती कल्पना सुचली, असे त्यांनीच सांगितले होते. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ती जगापुढे आली आणि २३ मार्च २००९ रोजी तिचे मुंबईत अनावरण होऊन विक्री जाहीर झाली. कारखान्यातली मूळ किंमत एक लाख रुपये, ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे मागे बसवलेले इंजिन, साध्या प्रतीला वातानुकूलन नाही, काच पुसायला एकच वायपर. नोंदणी करणारे दोन लाखांवर निघाले आणि पहिल्या एक लाख गाड्यांचे मालक सोडतीने ठरले. सिंगूरचा कारखाना साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या, किंमत चढत गेली. अपयशाची अशी अनेक कारणे आहेत आणि ती खरी आहेत. २०१८ मध्ये तिचे उत्पादन जवळजवळ थांबलेले होते.

आम्हांला त्यात एक कारण आमच्या विषयातले दिसते. आनंदवर्धनाने नवव्या शतकात सांगून ठेवले आहे की काव्याचा आत्मा ध्वनी होय. जे सुचवायचे ते सरळ सांगितले की रस जातो. अल्टोही स्वस्तच होती, ८०० ही होती. पण ते स्वस्तपण व्यंजनेत होते. जाहिरात प्रगतीविषयी, कुटुंबाविषयी बोलायची आणि किंमत ज्याची त्याने समजून घ्यायची. नॅनो मात्र जगातली सर्वांत स्वस्त मोटार म्हणून ओळखली गेली. अभिधेने सांगितलेली ही गोष्ट पुढे गाडीच्या काचेवर कायमची चिकटली. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का बसणे ही चूक झाली, असे पुढे खुद्द टाटांनीही बोलून दाखवले.

आमच्या जिल्ह्यात चारचाकी ही वाहतुकीची सोय नंतर असते. आधी ती सोयरिकीत, बाजारच्या दिवशी, पंचायतीच्या पायऱ्यांपुढे उभी राहून बोलणारी गोष्ट असते. आमच्यातल्या दुसऱ्याने नॅनोचा विषय घरी काढला तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “फटफटी हाय ती बरी. तिची किंमत कुनी तोंडावर बोलून दाखवत न्हाई.” हातात सोडतीचा कागद असलेल्या अर्थतज्ज्ञाला जे दिसले नसते ते त्या एका वाक्यात होते. स्कूटरवरच्या त्या कुटुंबाला पावसापासून वाचायचे होते यात शंका नाही. पण आपण ‘स्कूटरवरचे ते कुटुंब’ म्हणून ओळखले जावे, हे त्याला नको होते. कंपनीने वाचक अचूक पाहिला आणि मग त्याला भर रस्त्यात नावाने हाक मारली.

ज्या गाडीला जाहिरातच नसते तिचे काय? जुन्या गाड्यांचा बाजार हा आमच्या अभ्यासक्रमात नसलेला साहित्यप्रकार आहे. तिथे भावी ग्राहकाचे चित्र कोणी रंगवत नाही. तिथे आधीच्या मालकाचे चरित्र विकले जाते. ‘सिंगल हँड’, ‘डॉक्टरांनी वापरलेली’, ‘फक्त गावातच फिरलेली’, ‘एमएच २५ पासिंग’. मोटारीचे गुण सांगताना माणसांचे गुण सांगितले जातात. या बाजारात मास्तरांच्या गाडीला मोठा मान आहे. मास्तर वेगाने चालवत नाहीत, सर्व्हिसिंग चुकवत नाहीत आणि गाडी सावलीत लावतात, अशी समजूत. बाईंनी वापरलेली असेल तर दलाल आवाज आणखी खाली आणतो, जणू एखादे पवित्र रहस्य सांगतो आहे. नव्या गाडीच्या वेळी जिला ‘साहेबांना घेऊन या’ असे सांगितले जाते, तिचे चालवणे जुन्या गाडीच्या वेळी हमीपत्र ठरते.

२०१९ साली आमच्यातल्या एकीने अल्टो विकायला काढली आणि ती दुसऱ्याने घेतली. दलालाने ठरवलेली किंमत कमी करायला ती तयार होती. त्याने एक रुपया कमी घेऊ दिला नाही. पतसंस्थेचे कर्ज त्याला मिळत नव्हते, म्हणून भिशीचे पैसे आले तसे त्याने तीन वेळा दिले. आमच्या पंचवीस वर्षांच्या मैत्रीत पैशाचा उच्चार झालेला तो एकमेव प्रसंग. तो निभावला, पण निभवावा लागला. आज ती गाडी महाविद्यालयाच्या आवारात त्याच लिंबाखाली उभी असते. फक्त किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते. कक्षातले काही सहकारी अजून तिला ‘मॅडमची गाडी’ म्हणतात.

दरम्यान ‘लहान मोटार’ या शब्दाचाच अर्थ बदलला. २००६ च्या अर्थसंकल्पाने तिची व्याख्या केली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर इंजिन १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० पर्यंत. करसवलतीसाठी केलेली ही व्याख्या साहित्यातल्या व्याख्यांपेक्षा अधिक काळ टिकली. २०२५ ची करकपातही तिच्याच आधाराने झाली. मग त्या चार मीटरांच्या आत उंच, रुबाबदार, दणकट दिसणाऱ्या गाड्या बसवल्या गेल्या. अगदी खालच्या किमतीची क्विड २०१५ मध्ये आली आणि एस-प्रेसो २०१९ मध्ये, तीही जीपसारखा आव आणत. लहान असणे ही आता सांगायची गोष्ट राहिलेली नाही. एप्रिल २०२० पासूनचे प्रदूषणाचे कडक निकष आणि सुरक्षेच्या वाढत्या अटी, दोन्ही आवश्यकच, पण त्यांमुळे किंमत वाढली आणि दुचाकीवरून चारचाकीकडे येणारा माणूस मागेच राहिला, हे मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी अनेकदा सांगितले आहे. २०२३ मध्ये अल्टो ८०० बंद झाली. सप्टेंबर २०२५ च्या त्या पानभर जाहिराती म्हणजे या हरवलेल्या वाचकाला पुन्हा घातलेली साद होती. ती आली तेव्हा आमच्याकडे तो सीनेच्या पाण्यात उभा होता.

दसऱ्यानंतर आम्ही द्वितीय वर्षाच्या वर्गाला नेहमीचा स्वाध्याय दिला : लहान मोटारीची जाहिरात तयार करा, ग्राहक कोण ते आधी निश्चित करा. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे लिहिले. तरुणाईचा वेग, सुखी कुटुंब, सणाची सवलत. परंडा तालुक्यातली एक मुलगी त्या पंधरवड्यात वर्गात आली नव्हती. तिने उशिरा एक पान आणून दिले. त्यावर गाडीचे नाव नव्हते, किंमत नव्हती, विक्रेत्याचा पत्ता नव्हता. मध्यभागी एवढेच होते : “आबा, आता पावसात भिजत तालुक्याला जाऊ नका. मी न्यायला येते.”

गुणदान आम्ही दोघे मिळून करतो. आराखड्याप्रमाणे शीर्षकाला दोन, वस्तूच्या वैशिष्ट्यांना तीन, भाषेला तीन, संपर्काच्या तपशिलाला दोन गुण आहेत. त्या हिशेबाने तिला दहांपैकी चार मिळाले आणि आम्ही ते तसेच नोंदवले. एक मात्र दोघांच्याही लक्षात आले होते. ज्या प्रसंगातून नॅनो जन्मली तोच तिने लिहिला होता. फक्त तो स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या बाजूने लिहिला होता. कोणत्याही वर्गवारीला उद्देशून नव्हे, एका माणसाला उद्देशून, आणि घरात वडिलांना म्हणतात त्याच ‘तुम्ही’ने.

ते पान आम्ही कात्रणांच्या गठ्ठ्यात ठेवले आहे. गुण वाढवायला हवे होते की आराखडा बदलायला हवा, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.